पेन्शनरांचं गाव: आई-बाबांबरोबर मेरिदात चार दिवस

बाबा पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झाले त्याला चौदा वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलेलं नाही. मार्चमधे दोघं माझ्याकडे लिस्बनला राहायला आले, पहिले आठ दिवस मी आपली हौसेने चर्च दाखवतेय, राजवाडे दाखवतेय, ट्रॅममधे बसवतेय, आणि नवव्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "सगळं छान आहे गं, पण इथे जवळपास एखादं धरण नाही का?"

म्हणून मेरिदा. स्पेनमधे, पण पोर्तुगालच्या बॉर्डरपासून तासाभरावर. टूरवाल्यांच्या यादीत हे नाव सहसा नसतंच, लोक माद्रिद-बार्सिलोना-सेविया करून परत. पण गावाची जन्मकथा सांगितली आणि बाबा लगेच तयार झाले. ख्रिस्तपूर्व २५ मधे रोमन सम्राट ऑगस्टसने नोकरी संपलेल्या सैनिकांना जमिनी देऊन हे गाव वसवलं, पाचव्या आणि दहाव्या लीजनचे, म्हणजे रोमन पलटणींचे, लोक. गावाचं नाव एमेरिता औगुस्ता. एमेरिटस प्रोफेसर म्हणतो ना आपण, तोच शब्द, सेवा पूर्ण केलेला. त्या एमेरिताचंच घासून घासून मेरिदा झालं.

"म्हणजे पेन्शनरांचं पुणं की!" बाबा म्हणाले. आई म्हणाली, "मग तिथेही दुपारी एक ते चार सगळं बंद असेल." हे तिने गमतीत म्हटलं होतं. दोन ते पाच असतं.

शुक्रवार

निघायचं होतं आठला, निघालो पावणेदहाला, कारण आईला दशम्या करून घ्यायच्या होत्या. मी तीनदा सांगितलं की वाटेत सगळं मिळतं, तर म्हणे मिळत असेल, पण दशमी मिळते का? लिस्बनपासून मेरिदा पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही बाजूला मैलोन्‌मैल बुचाची झाडं, आपल्या पुण्यातलं ते पांढऱ्या फुलांचं बूच नव्हे, बाटलीचं खरं बूच, खालच्या खोडाची सालं सोलून नेलेली, त्यामुळे झाडांनी तपकिरी मोजे घातल्यासारखे दिसतात. बॉर्डरच्या अलीकडे एल्वास लागतं, तिथे रस्त्यावरूनच उंच कमानींची एक लांबलचक रांग दिसते, गावाला पाणी आणणारी. बाबा "थांब थांब थांब" करायला लागले. मी म्हटलं बाबा, हे काम १६२२ ला संपलंय, आपण याच्या खापर-खापर-पणजोबाकडे चाललोय, दम धरा.

बॉर्डर म्हणजे नुसता एक निळा बोर्ड. पण स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे, हे मला माहीत असून मी साफ विसरले होते, त्यामुळे निवांत अडीचला पोचलो असं वाटत असताना तिथे साडेतीन वाजलेले. जेवायला शिरलो तर किचन बंद करायच्याच तयारीत होते. कसंबसं तोर्तिया मिळालं, म्हणजे बटाटा-कांदा घातलेलं जाडजूड ऑम्लेट, आई अंडं खाते म्हणून निभावलं. आणि मग हॉटेलच्या खोलीत बसून दशम्या-चटणी. त्यावर आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी पुलावर गेलो. ग्वादियाना नदीवरचा रोमन पूल, आजची लांबी ७९२ मीटर, साठ कमानी. १९९१ पर्यंत यावरून गाड्या जात होत्या! मग शेजारी सान्तियागो कालात्रावाने डिझाईन केलेला नवा पांढरा पूल झाला आणि याला चालणाऱ्यांसाठी मोकळं सोडलं, म्हणजे हासुद्धा रिटायर होऊन फार दिवस नाही झाले. बाबांनी गूगलवर विश्वास न ठेवता पावलं मोजायला सुरुवात केली. चारशेच्या पुढे कुठेतरी आईने विचारलं, "अहो, गोळी घेतलीत का?" आणि हिशेब गेला. परत येताना पुन्हा मोजली, पण आकडा आम्हाला सांगितला नाही.

खरी गंमत पुलाच्या खांबांमधे आहे. पाणी ज्या अंगाने येतं त्या अंगाला खांबांना गोलसर नाक काढलंय, पाणी फुटून दोन्हीकडे वळावं म्हणून, आणि मोठ्या दोन कमानींच्या मधे, खांबाच्याच पोटात, एकेक छोटी कमान आरपार ठेवलीये. मला ती शोभेची वाटली. बाबा म्हणाले, "शोभा नाही. नदी चढली की पाणी त्यातून निघून जातं, खांबावर लोड कमी. पुराला वाट ठेवलीय त्यांनी." तरीसुद्धा पुरांनी हा पूल मोडलाच, अनेकदा, ४८३ मधे व्हिसिगॉथ (रोमनांनंतर इथे राज्य केलेले जर्मानिक लोक) राजाच्या काळात मोठी दुरुस्ती झाली, १६०३ च्या पुरात पुन्हा कमानी गेल्या, म्हणजे सगळा काही दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड नाही. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत होते. बाबा कसब्यातले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नऊ वर्षांचे होते, सगळं घर पर्वतीवर पळालं होतं. हे मला माहीत आहे, पण त्यांच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. पुलावरही ते त्यातलं काही बोलले नाहीत. "नाक चांगलं काढलंय," एवढंच म्हणाले.

शनिवार

सकाळी थिएटर. इथे एकच तिकीट काढलं की थिएटर, अँफिथिएटर, किल्ला, रोमन घरं, सर्कस (म्हणजे रथांच्या शर्यतीचं मैदान) असं सगळं त्यात येतं (म्युझियम त्यात नाही, ते वेगळं, हे लक्षात ठेवा, पुढे त्यावरून रामायण आहे). सिनियर सिटिझनला सवलत मिळाली म्हणून बाबा सकाळपासूनच खूष.

थिएटर ख्रिस्तपूर्व १६-१५ मधलं, ऑगस्टसचा जावई अग्रिप्पा याने बांधवलं, त्याचं नाव दगडात कोरलेलं आहे. सहा हजार माणसं बसायची. फोटोत दिसते ती स्टेजमागची दुमजली खांबांची भिंत, निळसर झाक असलेल्या संगमरवराची, समोर उभं राहिल्यावर खरंच बोलती बंद करते. पण ती अशीच उभी सापडलेली नाही. शतकानुशतकं हे सगळं मातीखाली गाडलेलं होतं आणि वर फक्त सर्वांत वरच्या बैठकीचे सात तुकडे डोकं काढून होते. गावकरी त्यांना 'सात खुर्च्या' म्हणायचे, आणि सात मूर, म्हणजे इथले जुने मुसलमान, राजे त्यावर बसून शहराचा फैसला करायचे अशी गोष्ट सांगायचे. १९१० ला खोदकाम सुरू झालं आणि खुर्च्यांखाली अख्खं थिएटर निघालं! पडलेले खांब मग विसाव्या शतकात पुन्हा उभे केले.

बसायची व्यवस्था हुद्द्याप्रमाणे. पुढे बडी मंडळी, मग मधले, आणि सर्वांत वर गुलाम आणि बायका. आई पहिल्या रांगेत बसली ती उठलीच नाही. "वरून दिसतं कसं ते बघून ये तू. मी वर जाणार नाही, फार वर्षं बसल्यात बायका वर." मी वर गेले, वरून आई दोन बोटांएवढी दिसत होती, पण शेजारच्या स्पॅनिश आजींशी खाणाखुणांनी काहीतरी जोरात चालू होतं. नंतर कळलं गुडघ्यांबद्दल.

उन्हाळ्यात इथे अजून नाटकं होतात, ग्रीक-रोमन नाटकांचा महोत्सव १९३३ ला सुरू झाला. रात्री, कारण जुलै-ऑगस्टमधे या भागात दिवसा दगडावर पापड भाजतील. आपल्याकडे साठ वर्षांचं नाट्यगृह पाडून नवं बांधायच्या बैठका होतात, इथे दोन हजार वर्षांच्या थिएटरचं अजून बुकिंग चालू आहे. असो.

शेजारच्या अँफिथिएटरमधे पंधरा हजार लोक ग्लॅडिएटर बघायचे. आई आत आली नाही, मी आणि बाबा एक चक्कर मारून आलो, मधे तो खड्डा आहे त्यातून जनावरं आणि सामान वर काढायचे. संपलं.

दुपारी सगळं बंद झाल्यावर रस्त्यातून भटकत होतो, तर गल्ली वळली आणि समोर, दुकानं-बाल्कन्या-पार्क केलेल्या स्कूटर यांच्या मधे, सरळ एक रोमन देऊळ. डायनाचं देऊळ म्हणतात, डायनाचं नाहीये, सम्राटाच्या पूजेचं होतं, पण नाव पडलं ते पडलं. बाहेरूनच बघायचं, तिकीट नाही. मला हे गावातलं सगळ्यात आवडलं, का सांगते. सोळाव्या शतकात एका सरदाराने या देवळाच्या आतच आपला वाडा बांधला. खांब आयते होते, मधल्या फटी भरल्या, झाल्या भिंती. आणि त्यामुळेच देऊळ वाचलं, नाहीतर तो दगड केव्हाच कुणाच्या तरी जोत्यात गेला असता. आज पुढून रोमन खांब आणि त्यांच्या मागे त्या वाड्याची नाजूक खिडकी, दोन्ही ठेवलंय. आई म्हणाली, "भाडेकरूनेच घर राखलं की." या गावात हेच सगळीकडे आहे. सांता एउलालियाच्या चर्चपुढे एक छोटी घुमटी आहे, चौथ्या शतकात जाळून मारलेल्या पोरीची, आणि तिचा पुढचा मंडप युद्धदेव मार्सच्या देवळाच्या दगडांचा, वर 'मार्सला अर्पण' असं लॅटिनमधलं तसंच ठेवलेलं. खोडायच्या भानगडीतही कुणी पडलं नाही.

रात्री मिगास खाल्लं. शिळ्या पावाचा चुरा, लसूण, ऑलिव्ह ऑईल आणि इथली धुरावर वाळवलेली लाल मिरचीपूड, पिमेन्तोन. थोडक्यात, फोडणीची पोळी. मांस नको हे तीन वेळा सांगून घेतलं. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मोहरी-हिंग नाही, पण चुकलं नाहीये फारसं." शाकाहाऱ्यांसाठी अजून एक टीप, तोर्ता देल कासार नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज याच भागातलं, ते एका काटेरी झाडाच्या फुलांनी विरजतात, जनावराच्या पोटातून काढलेलं विरजण, म्हणजे रेनेट, नाही. वरचं झाकण कापायचं आणि आतलं चमच्याने काढून पावाला लावायचं. वास जबर येतो. पहिल्या वासाला घाबरू नका.

रविवार

सकाळी आल्काथाबा. ८३५ मधे कोर्दोबाचा अमीर दुसरा अब्द अर-रहमान याने बांधलेला किल्ला, पुलाच्या बरोबर तोंडाशी, कारण मेरिदाचे लोक सारखे बंड करायचे आणि पूल ताब्यात तर गाव ताब्यात. भिंतीत दगड सगळे रोमनांचे उचललेले. आल्काथाबा म्हणजे अल-कसबा. तोच आपला कसबा! अरबीतला एकच शब्द, इकडे स्पेनमधे किल्ला झाला, तिकडे आपल्याकडे गाव झाला, पेठ झाला. हे कळल्यावर कसबा पेठेतल्या माणसाची छाती किती फुगली असेल ते तुम्हीच ठरवा.

किल्ल्यात वर बघण्यासारखं फार नाही. पण मधे एक साधीशी इमारत आहे तिच्यात शिरलात की दोन लांब जिने शेजारी शेजारी काळोखात खाली उतरतात. दाराच्या बाजूंना आणि वर आडव्या टाकलेल्या दगडी पट्ट्यांवर द्राक्षवेली, पानं, असं कोरीवकाम, ते व्हिसिगॉथांच्या कुठल्या कुठल्या इमारतींतून काढून इथे बसवलेलं. उतरत गेलं की हवा गार होत जाते, पायऱ्या ओलसर, हात भिंतीला लावला तर हाताला पाणी. आणि तळाशी शांत हिरवट पाणी. आलखिबे म्हणतात त्याला, पाण्याची टाकी. आई तीन पायऱ्यांवर थांबली, बाबा थेट खाली. पाणी आत ओतत नाहीत, नदी पलीकडेच आहे, तिचं पाणी जमिनीतून झिरपून, गाळून आत येतं. वेढा पडला तरी तोटा नाही. "नदीच्या वाळूत झिरा खणतात तसंच," बाबा म्हणाले, "फक्त यांनी वर किल्ला बांधला." दोन जिने का, तर एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने चढायचं, असं त्यांचं म्हणणं. पखाली लादलेलं जनावर अर्ध्यात वळणार कसं? मग फडके हौदाचं पुराण निघालं, कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांनी शहरात पाणी कसं आणलं, लहानपणी ते हौदावरून बादल्या कशा आणायचे. मी गेली तीस वर्षं हे ऐकतेय, पण त्या गार काळोखात पहिल्यांदा नीट ऐकलं.

वर आलो तर पाऊण वाजलेला. आणि आता ते रामायण. म्युझियम मी सोमवारी ठेवलं होतं, निघण्यापूर्वी निवांत. आई बाकावर बसून माहितीपत्रक चाळत होती, तिला स्पॅनिश येत नाही, पण आकडे आणि चौकटी येतात. "हा सोमवारच्या चौकटीत काही लिहिलेलं का नाही गं?" सोमवारी बंद! आणि रविवारी तीनला बंद! मग भर दुपारी दोन ज्येष्ठ नागरिकांना अक्षरशः पळवत नेलं. एकच बरं, रविवारी प्रवेश फुकट.

दीड-पावणेदोन तास मिळाले आणि कमी पडले. राफाएल मोनेओ या आर्किटेक्टने बांधलेली ही इमारत १९८६ मधे उघडली. लांबट पातळ विटा, सांध्यातला चुना दिसतच नाही, आणि एकामागे एक उंच कमानी, वरून उजेड. रोमन इमारतीची नक्कल केलेली नाही, पण रोमन माणूस आत आला असता तर बिचकला नसता. पाया खणताना खाली रोमन घरं, थडगी, रस्ता निघाला, ते तळघरात तसंच ठेवलंय आणि इमारतीचे खांब त्यातून वाट काढत उतरलेत. बाबांनी मूर्ती फारशा बघितल्या नाहीत, विटाच बघितल्या. आईला मात्र एक मोझेक सापडलं, मार्सियानुस नावाचा रथवाला चार घोडे हाकतोय. "बैलगाडा शर्यतीच्या बॅनरवर असतो तसाच उभा आहे बघ, त्याच तोऱ्यात." खरंच तसाच. त्याच्या शर्यती गावाबाहेरच्या सर्कसमधे व्हायच्या, तीस हजार लोक बसायचे, चारशे मीटरवर लांब मैदान. आज ते एक मोठं गवताळ मैदानच आहे, आम्ही गाडीतूनच नमस्कार केला.

संध्याकाळी लोस मिलाग्रोस, म्हणजे चमत्कारांचा ॲक्विडक्ट, कमानींवरून पाणी आणणारा पूल. आल्बारेगास या छोट्या नदीच्या काठी एक हिरवंगार मैदान, पोरं फुटबॉल खेळतायत, लोक कुत्री फिरवतायत आणि त्यांच्या डोक्यावर पंचवीस मीटर उंच खांब, तीन मजली कमानींनी एकमेकांना धरून उभे. काही ठिकाणी कमानी पडल्यात आणि खांब एकटेच राहिलेत. करडे ग्रॅनाईटचे थर, मग लाल विटांचे थर, पुन्हा ग्रॅनाईट, इरकलच्या काठासारखे. विटा कशाला, मी विचारलं. "लेव्हलला. दगड कमीजास्त असतो, दर काही थरांनी विटांनी लेव्हल करून घ्यायची, बांधणीही आतपर्यंत जाते." आणि एवढं उंच कशाला? "कारण पाण्याला उतार लागतो आणि मधे दरी आहे. पाणी खाली उतरवलंस तर गावात चढवणार कोण?"

प्रत्येक खांबाच्या डोक्यावर करकोच्यांची घरटी. एकेक घरटं टोपलीभर नाही, बैलगाडीभर काटक्यांचं. मार्च म्हणजे त्यांचा हंगाम, नर उडत येतो, उतरतो, मग दोघं मान पार पाठीपर्यंत उलटी टाकतात आणि चोची वाजवतात, टक-टक-टक-टक, टिपऱ्यांसारखा आवाज. एका खांबावर सुरू झालं की पुढच्या खांबावर, मग त्याच्या पुढच्या, अशी टिपरी सगळ्या रांगेतून पुढे जाते. आम्ही तिघं काही न बोलता अंधार पडेपर्यंत गवतात बसलो होतो. पाणी आणायला बांधलं, पाणी गेलं, वर भाडेकरू आले.

सोमवार

आज ज्याच्यासाठी आलो ते. गावाच्या उत्तरेला पाच किलोमीटरवर प्रोसेर्पिना, लोस मिलाग्रोसला पाणी इथूनच यायचं. पाताळाची देवी प्रोसेर्पिना, तिच्या नावाचा शिलालेख इथे सापडला म्हणून हे नाव. आता तलावाच्या काठी घरं, हॉटेलं, उन्हाळ्यात गाव इथे पोहायला येतं. सोमवारी सकाळी चिटपाखरू नव्हतं, एक म्हातारा गळ टाकून बसलेला तेवढा.

चारशे मीटरच्या वर लांब भिंत. पाण्याच्या बाजूला दगडी भिंत, मागे मातीचा भराव. बाबा भिंतीवरून निम्मे गेले आणि थांबले. "हे धिरे उलट्या बाजूला आहेत." दगडी धिरे पाण्याच्या बाजूला काढलेत. धरणाला पाणी ढकलतं, मग टेकू पलीकडून हवा ना, मलाही पटलं. बाबा पाच मिनिटं येरझाऱ्या घालत राहिले, आई म्हणाली चला, ऊन झालं, त्यांनी ऐकलं नाही. मग एकदम वळले, "अगं, तलाव भरलेला असताना प्रश्नच नाही, मागे माती आहे. रिकामा झाला की खेळ उलटा! मागची ओली माती भिंतीला तलावात ढकलणार. हा टेकू रिकाम्या धरणासाठी आहे!" एवढा आनंद त्यांना माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मागच्या बाजूला भरावात दगडी बुरुजासारख्या दोन विहिरी, आत उतरून खालून पाणी सोडायची सोय. "विमोचक," बाबा म्हणाले, खात्यातला शब्द, कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडून ऐकला. गळ टाकलेला म्हातारा हे सगळं बघत होता. बाबांनी काठी घेतली आणि त्याच्यापुढे मातीत धरणाचा छेद काढला, भिंत, भराव, धिरा, पाणी. म्हाताऱ्याने मान हलवली, काठी घेतली आणि बाबांनी जिथे तळ दाखवला होता त्याच्या बऱ्याच खाली दुसरी रेघ मारली. मग माझ्याकडे वळून बोलला, मी भाषांतर केलं. नव्वदच्या सुमाराला तलाव रिकामा करून साफ केला तेव्हा गाळाखाली अजून कित्येक मीटर भिंत निघाली होती, तो स्वतः बघायला आला होता.

"गाळ," बाबा म्हणाले. "त्याला विचार किती काढला."

मी विचारलं. म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरून दाखवले, मग ते पुरेनात म्हणून गळ खाली ठेवून उभा राहिला.